होप काउंटीत तिसऱ्यांदा पकडले गेल्यावर

वाचकाचे पत्र

‘मी ३६ वर्षांचा असून एका पतसंस्थेत नोकरी करतो. रात्री दहानंतर, मुलगी झोपली की, तासभर प्लेस्टेशनवर खेळतो. धाकट्या भावाने त्याचा जुना पीएस ४ मला दिला आणि त्याबरोबर ‘फार क्राय ५’ हा गेम आला. त्यात अमेरिकेतल्या होप काउंटी या काल्पनिक ग्रामीण भागावर जोसेफ सीडच्या सशस्त्र धर्मपंथाने कब्जा केलेला असतो आणि आपण शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा, मदतनीस होऊन त्या पंथाशी लढायचे. पहिले दोन आठवडे मी हरखून गेलो होतो. नद्या, जंगले, शेते, वाटेल तिकडे जावे, वाटेल तिथे थांबावे. जोसेफचा भाऊ जॉन सीड याच्या ताब्यातला भाग मी पूर्ण केला. दुसरा भाऊ जेकब याच्या डोंगराळ भागात मात्र मला माझ्या मनाविरुद्ध तीन वेळा पकडून नेले. एकदा तर मी हेलिकॉप्टरमध्ये होतो आणि खाली कोणी दिसतही नव्हते, तरी बाण लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि जाग आली ती खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत. दर वेळी तेच गाणे, त्याच लाल खोल्या, तेच घड्याळ. शेवटी त्या खोल्यांच्या टोकाला मी ज्याला गोळी घातली तो एली निघाला, ज्याने मला आसरा दिला होता. मी गोळी न घालून पाहिले, तर वेळ संपली आणि पुन्हा मागे. त्या रात्री मी कंट्रोलर सोफ्यावर आपटला. पत्नी म्हणाली, “दिवसभर साहेबांचे ऐकून घेता आणि रात्री हौसेने पुन्हा तेच?” मला उत्तर सुचले नाही. मावसभावाने सांगितले की काहीही करा, शेवटी सगळे जळूनच जाते. मग पुढे खेळायचे कशाला? माझेच काही चुकते आहे, की हा गेमच असा आहे? काढून टाकू का?’

उत्तर

सप्रेम नमस्कार,

आधी तुमच्या एका प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तो मनात सलत असताना पुढचे वाचणे तुम्हाला जड जाईल. तुमचे काहीही चुकलेले नाही. तुम्ही कितीही सावध राहिला असता, जमिनीवरून गेला असता किंवा हवेतून, एकटे गेला असता किंवा सोबत्यांना घेऊन, तरी जेकबच्या माणसांनी तुम्हाला नेलेच असते. होप काउंटीच्या तिन्ही भागांत, म्हणजे जॉनच्या हॉलंड व्हॅलीत, त्यांची बहीण म्हणवणाऱ्या फेथच्या हेनबेन रिव्हरमध्ये आणि जेकबच्या व्हाइटटेल माउंटन्समध्ये, प्रतिकाराची एक पट्टी असते. तुम्ही चौकी सोडवली, ओलीस मोकळे केले, पंथाची मालमत्ता उडवून दिली किंवा एखादे साइड मिशन पूर्ण केले की ती पट्टी भरत जाते, आणि ती ठरावीक खुणेला पोहोचली की तुमच्यामागे माणसे सुटतात. धनुर्धारी समोर असो वा नसो, बाण ठरलेला असतो. याचा विचित्र अर्थ असा की तुम्ही जितके चांगले खेळाल तितक्या लवकर पकडले जाल. वैताग येण्याजोगीच ही रचना आहे, आणि तो वैताग तुमच्या एकट्याचा नाही.

ही रचना कोणी आळसाने केलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१२ मध्ये आलेल्या या मालिकेच्या तिसऱ्या भागात आणि २०१४ च्या चौथ्या भागात मनोऱ्यांवर चढून नकाशा उघडावा लागे आणि मुख्य कथा एकामागून एक मिशनांच्या माळेत ओवलेली असे. वास नावाचा खलनायक नायकाला पकडायचा, बुडवायचा, जाळायला निघायचा, पण ते सारे तुम्ही स्वतः सुरू केलेल्या मिशनच्या आत घडायचे. म्हणजे उंबरठा तुम्ही ओलांडलेला असायचा. मार्च २०१८ मध्ये आलेल्या पाचव्या भागाने ती माळ तोडली. सुरुवातीच्या बेटावर डच नावाचा म्हातारा तुम्हाला एका मनोऱ्यावर चढवतो आणि काउंटीभर असे मनोरे चढायला लावणार नाही, असे स्वतःच सांगतो. त्या वाक्याने खेळणाऱ्यांना केवढा दिलासा मिळाला होता! तिन्ही भाग कोणत्याही क्रमाने खेळा, हवे ते आधी करा, अशी मुभा मिळाली. पण खेळाडू कुठेही, कधीही जाऊ शकत असेल तर खलनायकाने त्याला गाठायचे कुठे, ही अडचण त्यातून उभी राहिली. कर्त्यांनी त्यावर असा तोडगा काढला की खेळाडू खलनायकाकडे जात नसेल तर खलनायकानेच त्याला उचलून न्यावे, एका भागात तीन वेळा. अडचण खरी होती, पण तोडगा मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही.

तो का पटत नाही हे जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या मनस्तापाचे मूळ तिथेच आहे असे मला वाटते. हतबलता दाखवणे हा गुन्हा नाही. याच मालिकेच्या २००८ मधल्या दुसऱ्या भागात नायकाला मलेरिया झालेला असतो. ऐन चकमकीत त्याला भोवळ येते आणि गोळ्या घ्याव्या लागतात. बंदुका गंजतात, अडकतात आणि शत्रू दहा पावलांवर असताना हातातले हत्यार ठोकून मोकळे करावे लागते. रस्त्यावरची चौकी साफ करून पुढे जावे तर परतताना ती पुन्हा माणसांनी भरलेली. लोक त्याही गेमवर वैतागले होते आणि चौक्यांबाबतची त्यांची तक्रार रास्त होती. परंतु तिथे बंदूक अडकली तरी तुमचे हात तुमचेच असायचे. आडोशाला पळता यायचे, दुसरे हत्यार काढता यायचे, निदान पुढच्या वेळी नवी बंदूक घेऊन निघावे हे शिकता यायचे. हतबलता खेळाच्या नियमांतून आलेली होती. पाचव्या भागात ती नियम बाजूला सारून येते. तुम्ही आठवडाभर जी नेमबाजी, जी सावधगिरी, ज्या सोबत्यांची निवड शिकलात, ती सगळी एका बाणाने रद्द होते आणि त्यातून शिकण्यासारखे काहीही हाती लागत नाही.

त्या दुसऱ्या भागाचे दिग्दर्शक क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये एका दुसऱ्याच गेमविषयी लिहिताना कथा सांगते एक आणि खेळ करायला लावतो दुसरे, या बेबनावाला ‘लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ असे नाव दिले. शब्द बोजड आहे, पण तुम्ही सोफ्यावर कंट्रोलर आपटला त्या क्षणाचे वर्णन त्याने नेमके होते. नकाशा तुम्हाला सांगत होता की तू मोकळा आहेस, आणि कथा सांगत होती की तू कधीच मोकळा नव्हतास.

आता त्या लाल खोल्यांविषयी. इथे माझे मत तुमच्याहून थोडे वेगळे आहे. जेकबची कल्पना मला संपूर्ण गेममधली सर्वांत धारदार कल्पना वाटते. जुने, गोड प्रेमगीत लागते, खोल्यांमागून खोल्या येतात, ठरलेल्या जागी हत्यार ठेवलेले असते, माणूस मारला की घड्याळात सेकंद वाढतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तुमच्या लक्षात येते की तुम्ही आता विचार करत नाही आहात. डावीकडचा दरवाजा, उजवीकडचा जिना, पुढचा माणूस हे हातांना पाठ झाले आहे. जेकबला तुमच्या पात्राचे जे करायचे आहे तेच गेमने तुमच्या बोटांचे केलेले असते. एली त्या खोलीच्या टोकाला उभा असतो तेव्हा तुमची बोटे त्याला ओळखत नाहीत. तुम्हाला आलेली शिसारी कर्त्यांना हवी होती, आणि ती तुम्हाला आली याचा अर्थ तुम्ही लक्ष देऊन खेळत होता.

पण तुम्ही गोळी न घालून पाहिलेत, आणि माझ्या मते तिथे गेम उघडा पडला. या गेमचा अगदी पहिला प्रसंग आठवा. चर्चमध्ये जोसेफ सीड दोन्ही हात पुढे करून उभा असतो, मार्शल बेड्या घालायला सांगत असतो, पडद्यावर बटण दिसत असते. त्या वेळी तुम्ही काहीच केले नाही, नुसते उभे राहिलात, तर काही वेळाने शेरीफ व्हाइटहॉर्स तुमचा हात खाली घेतो, सगळे निघून जातात आणि गेम तिथेच संपतो, श्रेयनामावलीसकट. चौथ्या भागातही तसेच होते: तिथला खलनायक पेगन मिन जेवणाच्या टेबलावरून उठताना थांबायला सांगतो, आणि तुम्ही खरोखरच सुमारे पाव तास थांबलात तर तो परत येतो आणि युद्धाविनाच सगळे आटोपते. म्हणजे ज्या मालिकेने नकार देणाऱ्या खेळाडूचा मान ठेवला, ज्या गेमने पहिल्याच दृश्यात नकाराला उत्तर दिले, तोच गेम एलीच्या वेळी मात्र नकाराला ‘वेळ संपली’ म्हणतो. तुम्ही नकार दिलात हे त्याने ओळखले असते, त्याची काही किंमत मागितली असती, अगदी तुमच्या पात्राचा बळी घेतला असता, तरी तुम्ही कंट्रोलर आपटला नसता असे मला वाटते. तुम्हाला राग आला तो एली मेला म्हणून कमी आणि तुमचा नकार कोणी ऐकलाच नाही म्हणून जास्त.

कथेविषयी तुम्ही पत्रात फारसे लिहिलेले नाही, पण ‘पुढे खेळायचे कशाला’ या प्रश्नामागे तीही आहे, म्हणून थोडे बोलतो. हा गेम मे २०१७ मध्ये जाहीर झाला तेव्हा अमेरिकेच्या ग्रामीण भागातला सशस्त्र धर्मपंथ हा विषय पाहून लोकांच्या अपेक्षा फार वाढल्या होत्या. त्या देशात अशा घटनांना खराखुरा इतिहास आहे. १९९३ मध्ये टेक्सासमधील वेको येथे ब्रँच डेव्हिडियन पंथाच्या वस्तीला पडलेला वेढा ५१ दिवस चालला आणि आगीत संपला. आपल्याला त्याहून जवळचे उदाहरण आहे. आचार्य रजनीश १९८१ मध्ये पुण्याचा कोरेगाव पार्कातला आश्रम सोडून अमेरिकेला गेले आणि त्यांच्या अनुयायांनी ऑरेगन राज्यात, अँटेलोप नावाच्या चिमुकल्या गावाजवळ, रजनीशपुरम उभे केले. स्थानिक रहिवाशांशी त्यांचे वितुष्ट विकोपाला गेले आणि १९८४ मध्ये पंथातल्या काही जणांनी द डॅल्स या गावातील उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जिवाणू मिसळले. ७५१ लोक आजारी पडले. ज्यांनी कोरेगाव पार्कात भगव्या वस्त्रांतली ती माणसे पाहिली आहेत, त्यांना ठाऊक आहे की तिथे जाणारे लोक भोळसट नव्हते. डॉक्टर होते, वकील होते, शिकलेसवरलेले होते. ते का गेले, कशासाठी राहिले आणि त्यांच्यातले काही जण विष कालवण्यापर्यंत कसे पोहोचले, हे सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत रंजक प्रश्न आहेत.

‘फार क्राय ५’ नेमका तोच प्रश्न टाळतो. सीड भावंडांना बोलायला भरपूर वाव आहे. जेकब वाळवंटात भुकेने केलेल्या भयंकर कृत्याची गोष्ट सांगतो, जोसेफ आपल्या तान्ह्या मुलीविषयी सांगतो, फेथ आपण कोण होतो हे सांगते, आणि त्या प्रसंगांतला अभिनय उत्तम आहे. पण त्यांच्या मागे गेलेला शेतकरी, शिक्षिका, गॅरेजवाला यांना कथेत तोंडच नाही. ते दाढी वाढवून ट्रकमधून ओरडत येतात आणि मरतात. ज्यांचे वागणे समजावून सांगायला हवे होते त्यांच्यासाठी ‘ब्लिस’ नावाचा अंमली पदार्थ पुढे केला आहे. पांढऱ्या फुलांचा तो धूर घेतला की माणसाचे भान जाते, मग का गेला, कसा गेला हे विचारायचे कारणच उरत नाही. मला ही या कथेतली सर्वांत मोठी पळवाट वाटते. तुमचे पात्र तर एक अक्षरही बोलत नाही, त्यामुळे खेळाडूच्या वतीने ‘का’ विचारायलाही कोणी नाही. जोसेफ तुमच्या तोंडावर तासभर बोलला तरी तुम्ही मान हलवणार नाही. चौथ्या भागाचा नायक अजय निदान दोन शब्द उलट बोलायचा.

तरीही हा गेम काढून टाका, असे मी सांगणार नाही. अर्धवट सोडायचा तर जेकबच्या भागाच्या मध्यावर तरी सोडू नका, कारण सर्वांत कडू घास तुम्ही आधीच गिळला आहे. एलीनंतर त्या भागात मुख्य कथेचे फारसे उरलेले नाही: जेकबशी शेवटची गाठ आणि त्याच्या बंकरमधून तुमच्या सहकाऱ्याला, प्रॅटला, बाहेर काढणे. तेवढे झाले की त्या डोंगरांत तुम्हाला पुन्हा कोणी उचलून नेणार नाही. वाटल्यास त्या लढतीपुरती काठिण्यपातळी कमी करा. ती मधेच बदलता येते आणि त्यात कमीपणा काही नाही. तुमच्याकडे रात्रीचा एक तास आहे, तो एकाच लढतीत पाच वेळा मरण्यात घालवण्यासाठी नाही.

फेथचा भाग तुमच्या मनाला कमी टोचेल. तिथेही तिच्याकडे ओढून नेले जातेच, पण ते स्वप्नात चालत जाण्यासारखे आहे. घड्याळ नाही, पिंजरा नाही. त्या भागात मी तुम्हाला एक गोष्ट मुद्दाम करायला सांगतो: पट्टीची लगाम आपल्या हातात घ्या. चौक्या, ओलीस आणि पंथाची मालमत्ता यांनी ती भरते. शिकार आणि मासेमारी यांनी भरत नाही. पट्टी खुणेजवळ आली आहे असे दिसले आणि त्या रात्री पकडले जाण्याची मनःस्थिती नसेल, तर चौकीकडे पाठ फिरवा आणि गळ घेऊन नदीवर जा. गेम आपोआप सेव्ह होतो आणि कथेचा एकच सेव्ह असतो, त्यामुळे मागे जाता येत नाही. म्हणून थांबायचे कधी हे आधीच ठरवलेले बरे.

मासेमारीविषयी हे मी उगाच लिहीत नाही. पहिल्यांदा खेळताना मीही दोन रात्री चिडून बसलो होतो, आणि तिसऱ्या रात्री हेनबेनच्या काठी ट्राउट धरायला उभा राहिलो. गळ टाकायचा, वाट पाहायची, दोरी ताणली गेली की मासा ज्या बाजूला ओढतो आहे त्याच्या उलट बाजूला काठी झुकवायची, तो जोर करत असताना गुंडाळायचे नाही आणि दमला की भराभर गुंडाळायचे. घाई केली तर दोरी तुटते. एवढेच. पण संपूर्ण गेममध्ये एवढी प्रामाणिक देवाणघेवाण दुसरी नाही: मासा निसटला तर चूक माझी असते आणि हाती लागला तर कष्ट माझे असतात. लाल खोल्यांत तुमच्याकडून जे काढून घेतले होते ते इथे परत मिळते.

रस्ते टाळा, हेही सांगून ठेवतो. या काउंटीतल्या रस्त्यांवर दर मिनिटाला काहीतरी येते: ट्रक, विमान, पिसाळलेले जनावर. ओलीस सोडवून त्याच्याशी बोलायला लागावे तर तो वाक्य पूर्ण करण्याआधी गोळीबार सुरू होतो, आणि कथेतले कितीतरी बारीक धागे त्या गोंगाटात हरवतात. जंगलातून पायी गेलात तर तुलनेने शांतता मिळते. सोबतीला हल्लेखोर माणूस घेण्यापेक्षा बूमरला घ्या. भोपळ्यांच्या शेतावर धनी मारले गेल्यावर मागे राहिलेला तो कुत्रा दुरूनच शत्रू हेरून दाखवतो, त्यामुळे कुठे जायचे आणि कुठे जायचे नाही हे तुम्ही ठरवू शकता. रिकाम्या घरांत शिरलात की टेबलावरच्या चिठ्ठ्या वाचा, फोनवर नोंदलेले निरोप ऐका. मुख्य कथेने ज्यांना बोलू दिले नाही ती माणसे तिथे थोडीफार बोलतात: कोणी भावाला विनवते आहे, कोणी जमीन विकायला नकार देते आहे, कोणी मुलीला घेऊन पंथात गेलेल्या नवऱ्याची वाट पाहते आहे, अशा तऱ्हेचा मजकूर हाती लागतो आणि होप काउंटी हे नुसते रणांगण न राहता गाव होते.

आता शेवटाविषयी. ज्या वाचकांना तो कळायला नको असेल त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. मावसभावाने सांगितले ते अर्धे खरे आहे. शेवटी पुन्हा त्याच चर्चपाशी जोसेफ तुम्हाला निवड देतो. प्रतिकार केलात तर लढाईनंतर अणुबॉम्ब पडतात आणि तुम्ही डचच्या बंकरमध्ये जोसेफसमोर बांधलेल्या अवस्थेत जागे होता. निघून गेलात तर शेरीफ गाडी चालवत असतो, रेडिओ लागतो आणि त्यावर जेकबच्या खोल्यांतले तेच गाणे वाजू लागते. पडदा लाल होतो. तुमच्या बोटांनी पाठ केलेली गोष्ट तिथे परत येते. तो शेवट मला दुसऱ्यापेक्षा कितीतरी खरा वाटतो, आणि तो अंगावर येण्यासाठी लाल खोल्यांतून गेलेले असावे लागते. तुम्ही गेला आहात. बॉम्बचा शेवट मात्र गेमने कमावलेला नाही, असे माझे मत आहे. त्याची चाहूल दिलेली आहे, नाही असे नाही. गाडीतल्या रेडिओवर जगातला तणाव वाढत चालल्याच्या बातम्या येतात. पण ज्या रस्त्यांवर सतत गोळीबार चालू ठेवला आहे तिथे बातमी ऐकायला कोणाला उसंत आहे? एखाद्या संध्याकाळी मोकळ्या केलेल्या हॉलंड व्हॅलीत गाडी हळू चालवा आणि रेडिओ चालू ठेवा. शेवट आवडणार नाही कदाचित, पण तो आकाशातून पडल्यासारखा वाटणार नाही.

आणि ‘सगळे जळून जाते’ हे तर खरेच नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘फार क्राय न्यू डॉन’ आला. तो याच काउंटीत, त्या स्फोटांनंतर १७ वर्षांनी घडतो. नकाशा ओळखीचा आहे, पण सगळीकडे फुलांचा बहर आहे, आणि तुम्ही वाचवलेली काही माणसे तिथे म्हातारी होऊन भेटतात. जॉनच्या भागातला वैमानिक निक राय भेटतो. त्याची मुलगी कार्मिना भेटते, मोठी झालेली, तुमच्या बरोबरीने लढणारी.

तुमच्या पत्नीच्या प्रश्नाला उत्तर सुचले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तो प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्यांना तसे सांगा. जॉन सीड त्याच्या भागात लोकांच्या अंगावर त्यांचे पाप गोंदवतो, आणि तुमच्या पात्रासाठी त्याने निवडलेला शब्द आहे क्रोध. आपल्या षड्रिपूंतला दुसरा. गेमने तुम्हाला चिडवायचे ठरवूनच आखणी केली आहे, त्यामुळे रोज रात्री चिडूनच उठायचे असेल तर त्या तासाचा उपयोग नाही. पण त्याच नकाशावर चिडायला न लावणारे बरेच काही आहे, आणि त्यातले एक तर तुमच्यासाठीच आहे असे पत्र वाचताना मला वाटले. निकची पत्नी किम गरोदर असते. तिला कळा सुरू होतात तेव्हा निक पार गांगरतो, आणि खडबडीत रस्त्यावरून त्यांना डॉक्टरपर्यंत घेऊन जाण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. त्या प्रवासात मारायचे कोणाला हा प्रश्न दुय्यम असतो. खड्डे चुकवायचे, वळणावर वेग आवरायचा आणि मागे ओरडणाऱ्या नवरा-बायकोकडे लक्ष जाऊ द्यायचे नाही. जन्माला येणारी मुलगी म्हणजे तीच कार्मिना. जॉनचा भाग तुम्ही पूर्ण केला आहे, पण हे मिशन खेळल्याचा उल्लेख पत्रात नाही.

तेव्हा आज रात्री जेकबकडे जाऊ नका. मुलगी झोपली की राय कुटुंबाच्या धावपट्टीवर जा आणि तुमच्या पत्नीला जागे राहता येत असेल तर शेजारी बसायला सांगा. गाडी तुम्हालाच चालवायची आहे.